पाहुणा मुक्कामाला हवा

पैसा फेब्रुवारीत येतो आणि फुलं सप्टेंबरात. कोल्हापूरच्या आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात बाहेरचे व्याख्याते बोलवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हापासून माझी खरी झटापट या दोन महिन्यांमधल्या अंतराशी चालू आहे.

आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. पण विभागाच्या वाट्याची रक्कम मंजूर होऊन, तिला लेखाशीर्ष मिळून ती प्रत्यक्ष खर्चायला हातात येईपर्यंत दिवाळी उलटून गेलेली असते. मग ३१ मार्चच्या आत खर्च करून, पैसा ठरल्या कामी लागला असं विनियोग प्रमाणपत्र द्यायचं, म्हणून जानेवारी सरता सरता सगळे विभाग एकदम जागे होतात. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २८ला राष्ट्रीय विज्ञान दिन, ८ मार्चला महिला दिन. त्याच पंधरवड्यात पुण्याचे, मुंबईचे, बंगळुरूचे चांगले वक्ते चार-चार ठिकाणी कबूल झालेले असतात. गेस्ट हाऊसला खोली नसते. मुलं प्रॅक्टिकलच्या परीक्षेच्या काळजीत असतात. आणि पन्हाळ्यापलीकडचं मसाई पठार तेव्हा अगदी करडं, सुकून गेलेलं असतं. पाहुण्याला वाहनात घालून तिकडे नेलं तरी दाखवायचं काय?

तेच पठार ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत बघावं. जांभ्या दगडावर जेमतेम बोटभर माती, तीत पाणी साठलेलं, आणि त्यावर गेंद, तेरडा, सोनकी, सीतेची आसवं. त्या मातीत नत्र इतकं कमी असतं की काही वनस्पतींनी किडे पकडून पोट भरायचा मार्ग धरलाय. दवबिंदू पानांवरच्या चिकट केसांनी पकडतो, सीतेची आसवं जमिनीतल्या बारीक फुग्यांनी. हे सगळं वर्गात स्लाइडवर दाखवता येतं, मी वर्षानुवर्षं दाखवतेच. पण ज्याने आयुष्य या वनस्पतींमध्ये घालवलंय असा माणूस त्या चिखलात मुलांच्या शेजारी उकिडवा बसतो, तेव्हा जे घडतं ते स्लाइडने घडत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की पाहुणा सप्टेंबरातच यावा. आणि तो मुक्कामाला यावा.

मुक्कामाबद्दल मी हट्टी आहे, हे विभागात सगळ्यांना ठाऊक आहे. २०२० नंतर घरोघरी वेबिनार सुरू झाले, तेव्हा आमच्याकडेही सरळ प्रश्न विचारला गेला की आता प्रवासखर्च, मानधन, राहण्या-जेवणाची सोय हे सगळं कशाला? लिंक पाठवा, तासभर बोलतील, खर्च शून्य. प्रश्न चुकीचा नाही. व्याख्यान एवढंच हवं असेल तर ते पडद्यावर उत्तम होतं, कधी कधी सभागृहापेक्षा चांगलं ऐकू येतं. पण व्याख्यान हा पाहुण्याच्या भेटीतला सगळ्यात कमी मोलाचा भाग आहे, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. तो तास छापील लेखात असतो, यूट्यूबवर असतो. कुठेच नसतं ते बाकीचं: नाष्ट्याच्या टेबलावर कोणीतरी घाबरत काढलेली वही, संध्याकाळी रंकाळ्यावर चालताना निघालेला विषय, रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिता पिता एखाद्या मुलाने विचारलेलं, ‘मॅडम, पीएचडीला घरून पैसे घेतले नाहीत तर चालतं का?’ हा प्रश्न माइक हातात घेऊन कोणी विचारत नाही.

आमच्याकडे येणारी बरीच मुलं शाहूवाडी, राधानगरी, चंदगड, आजरा या भागांतली आहेत. मराठी माध्यमातून आलेली, अभ्यासू, झाडं जन्मापासून ओळखणारी. व्याख्यान संपल्यावर ‘काही प्रश्न?’ म्हटलं की सभागृह गप्प होतं. पाहुण्याला वाटतं, यांना काही कळलं नाही. मला माहीत असतं की कळलंय, पण प्रश्नाचं इंग्रजी वाक्य मनात जुळवेपर्यंत आभारप्रदर्शन सुरू झालेलं असतं.

आणि त्या तासातलाही किती वेळ पाहुण्याच्या हाती लागतो? दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, फेटा, अध्यक्षीय मनोगत. आपल्या कोल्हापूरला पाहुण्याचं कौतुक मनापासून असतं, फेटा बांधताना तर सभागृहाचा चेहराच उजळतो. ते मला मोडायचं नाही. पण बाराशे किलोमीटरची ये-जा करून आलेल्या माणसाला पन्नास मिनिटं कबूल करून पस्तीस द्यायची, हा त्याचा मान नव्हे. आता आम्ही फेटा ठेवलाय आणि बाकीचं सगळं दहा मिनिटांत उरकतो. परिचय छापून मुलांना आदल्या दिवशी देतो, म्हणजे ती वाचून येतात.

उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी अहवाल लागतो, सह्यांची यादी लागते, जिओटॅग केलेले फोटो लागतात. तेही करतो. काळजी एवढीच घेते की फोटो काढून झाला म्हणजे भेट झाली, असं कोणाला वाटू नये. मूल्यांकनाच्या दट्ट्यामुळे व्याख्यानांची संख्या वाढली हे खरं. पण दहा व्याख्यानांऐवजी दोन मुक्काम केले तर तक्त्यात दोनच आकडा दिसतो, आणि तो तक्ता बघणाऱ्याला त्या दोन मुक्कामांत काय झालं ते कळायला जागाच नसते. याबद्दल मी जिथे संधी मिळेल तिथे बोलत आले आहे आणि बोलत राहणार.

एक मुक्काम सांगते. बंगळुरूच्या एका संस्थेत परागीभवनावर पीएचडी करणारी मुलगी आम्ही बोलावली होती. नावाजलेली नव्हती, प्राध्यापक नव्हती. वय जेमतेम आमच्या एमएस्सीच्या मुलांपेक्षा चार-पाच वर्षांनी जास्त. मंजुरीसाठी टिपणी वर गेली तेव्हा ‘संशोधक विद्यार्थिनी’ या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ येऊन फाईल परत आली. विषयतज्ज्ञ म्हणून कोणाला बोलवावं याचं उत्तर कागदावर पदनामाने दिलं जातं. मी तिचे छापून आलेले दोन शोधनिबंध जोडले आणि फाईल पुन्हा पाठवली. मान्यता मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गाड्या करून आम्ही पन्हाळ्याच्या बाजूला गेलो. पाऊस थांबलेला, धुकं उतरतंय, गवत कमरेला लागतंय. चंदगडची एक विद्यार्थिनी, जी आदल्या दिवशी सभागृहात शेवटच्या रांगेत बसून होती, अचानक थांबली आणि म्हणाली, ‘ही बघा खर्चुडी. आमची आजी हिचे कंद उकडून द्यायची.’ खर्चुडी म्हणजे नळीसारखी फुलं येणारा वेल. पाहुणी तिथेच बसली. कंद किती मोठा होतो, कोणत्या महिन्यात काढता, सगळा काढता का, काढल्यावर पुढच्या वर्षी वेल येतो का? हिंदी-इंग्रजी मिसळून प्रश्नांवर प्रश्न. ही मुलगी मराठीतून उत्तरं देत होती आणि मधला एक मित्र भाषांतर करत होता. थोड्या वेळाने भाषांतराची गरजही संपली.

पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि खर्चुडीच्या कित्येक जाती दुर्मीळ झाल्यात, त्यामुळे आसपास कुठेही फूल तोडायचं नाही हा आमचा नियम. पण गुरांच्या पायाने तुटलेलं एक ताजं फूल वाटेत पडलेलं मिळालं. पाहुणीने ते तळहातावर घेतलं आणि ब्लेडने नळी उभी चिरली. आतले केस ताठ, सगळ्यांचा रोख खाली. माशी आत उतरू शकते, वर येऊ शकत नाही. नळीच्या बुडाशी फुगीर भाग, आणि तिथे मोहरीहूनही लहान दोन माश्या, जिवंत. एकीच्या तोंडाजवळ पिवळसर ठिपका. भिंग हातोहात फिरलं. तो ठिपका म्हणजे परागपुंज, परागकणांचा एकत्र चिकटलेला गोळा. फूल जुनं व्हायला लागलं की हे केस सुकून गळपटतात, नळी आडवी होते, आणि माशी तो पुंज घेऊन बाहेर पडते ती दुसऱ्या फुलाकडे जाते. हे पुस्तकात आहे. आमच्या मुलांनी परीक्षेत लिहिलेलंही आहे. त्या माश्या तळहातावरून उडून गेल्या तेव्हा मात्र एकाही मुलाने फोन बाहेर काढला नव्हता.

परतीच्या वाटेवर चंदगडची मुलगी पाहुणीच्या शेजारी बसली होती. भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची आणि प्रयागराजची अकादमी अशा तिघी मिळून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात, हे तिला त्या प्रवासात कळलं. आमच्या सूचनाफलकावर ती जाहिरात दरवर्षी लागते. पुढच्या वर्षी तिने अर्ज केला आणि ती गेली.

आता पैशाचं. याबद्दल आपल्याकडे बोलायला संकोच करतात आणि त्या संकोचाचा सगळा भार सर्वांत तरुण पाहुण्यावर पडतो. ज्येष्ठ प्राध्यापक स्वतःच्या खिशातून तिकीट काढतात, बिल देतात, पैसे सहा महिन्यांनी मिळाले तरी त्यांचं अडत नाही. पीएचडी करणाऱ्या ज्युनिअर रिसर्च फेलोला २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. त्यातून बंगळुरूसारख्या शहरात खोलीभाडं भागवून राहणाऱ्या मुलीला ‘तिकीट तुम्ही काढा, आम्ही नंतर देऊ’ म्हणणं मला योग्य वाटत नाही. म्हणून आमच्याकडे तिकीट विभागच काढतो. त्यासाठी आधी अ‍ॅडव्हान्स उचलावा लागतो, तो माझ्या नावावर पडतो, आणि मुदतीत सेटल केला नाही तर पगारातून कापला जातो. हे माहीत असूनही मी तसंच करते.

काही गोष्टी नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांना उपयोगी पडतील. केंद्राच्या अनुदानातून विमानाचं तिकीट काढायचं असेल तर २०२२ पासून बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीनच ठिकाणांहून काढायचं, असा अर्थ मंत्रालयाचा आदेश आहे. पाहुण्याला हे आधी सांगितलं नाही, तर तो बिचारा सरकारचे चार पैसे वाचावेत म्हणून भलत्याच साइटवरून स्वस्त तिकीट काढतो आणि त्याचं बिल अडकतं. बोर्डिंग पास जपून ठेवायला सांगावा. पाच हजारांच्या वरच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. तो शोधायला ऐनवेळी पोस्टात धावावं लागू नये म्हणून आमच्या विभागातले मामा एक पट्टीच कपाटात ठेवतात. पॅनची प्रत, रद्द केलेला चेक, सही हे सगळं पहिल्या दिवशी चहा घेतानाच उरकावं. निरोपाच्या घाईत पाहुण्याच्या हातात फॉर्म देणं बरं दिसत नाही.

परदेशी पाहुण्यांसाठी २०१५ साली केंद्राने ‘ग्यान’ योजना आणली. आठवड्याच्या अभ्यासक्रमाला आठ हजार डॉलरपर्यंत, दोन आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला बारा हजारांपर्यंत. योजना चांगली आहे, कारण ती माणसाला राहायला लावते; आठवडाभर रोज तोच माणूस वर्गात येतो. माझं म्हणणं एवढंच की हाच विचार देशातल्या पाहुण्याबाबतही व्हावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागातला तज्ज्ञ सह्याद्रीचं गवतन् गवत ओळखतो. त्याला तासाच्या हिशेबाने मानधन आणि संध्याकाळच्या गाडीचं तिकीट, हे काही पटत नाही. त्यातल्या त्यात तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या व्याख्यान-कार्यशाळा हा आमच्यासारख्या विभागांना मोठा आधार आहे. दोन-तीन दिवसांचा कार्यक्रम, वक्ते त्यांच्या फेलोंपैकी, म्हणजे अकादमीने निवडलेल्या सदस्यांपैकी, खर्च त्यांचा, आणि आसपासच्या कॉलेजांतली मुलं-शिक्षक आपण बोलवायचे. सांगली, सातारा, गडहिंग्लजपासून लोक येतात.

दुसरा आधार म्हणजे भूगोल. कोल्हापूर पुणे-बंगळुरू रस्त्यावर आहे. बेळगाव तर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, धारवाड त्याच्या पुढे. धारवाडला कोणी परीक्षक म्हणून येणार असेल तर तिथल्या सहकाऱ्याचा मला फोन येतो. इकडे कोणी येणार असेल तर मी करते. विमानाचं भाडं एकाने उचलायचं, मधला प्रवास आणि मुक्काम दुसऱ्याने. लेखा विभागाला हे समजावून सांगायला पहिल्यांदा वेळ लागतो, कारण एका दौऱ्याची दोन बिलं त्यांच्या चौकटीत बसत नाहीत. दोन्हीकडच्या विभागप्रमुखांचं सहीचं पत्र जोडलं की बसतात.

सप्टेंबरचा हट्ट धरायचा तर पावसाचाही विचार करावा लागतो. ऑगस्ट २०१९मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुण्या-बंगळुरूकडची वाहतूक बंद पडली. तेव्हापासून ऑगस्टच्या तारखा मी कोणाला देतच नाही.

मुक्कामाचा हा आग्रह या गावाला नवा नाही. शिकायचं तर आधी राहायची आणि जेवायची सोय हवी, हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहायला हातभार लावला आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं होत गेली. आणि पाहुणा कसा निवडावा, याचंही उदाहरण इथलंच आहे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तेव्हा वय अवघं २८. ‘मूकनायक’ सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि त्या पाक्षिकाला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. परिषदेत महाराजांनी लोकांना सांगितलं की तुम्ही तुमचा खरा पुढारी शोधून काढलाय. आणि त्याच भाषणात, परतण्यापूर्वी रजपूतवाडीच्या कॅम्पवर आपल्याबरोबर जेवायला यावं, असं जाहीर आमंत्रण दिलं. १९२०मध्ये त्या जेवणाच्या आमंत्रणाचा अर्थ काय होता, ते कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नको. पंचतारांकित पदनाम बघून पाहुणे निवडायची सवय लागलेल्या आपल्या विभागांनी हे वय, २८, लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

सप्टेंबरसाठी पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर अखेर सापडलं ते आमच्याच कपाटातल्या एका जुन्या फाईलमध्ये. नव्वदच्या दशकात एका निवृत्त शिक्षकांच्या कुटुंबाने त्यांच्या नावाने ५०,००० रुपयांची ठेव ठेवली होती. व्याजातून दरवर्षी एक स्मृतिव्याख्यान. तेव्हा १२ टक्क्यांनी वर्षाला ६,००० यायचे आणि त्यात पाहुण्याचं सगळं व्यवस्थित होत असे. आज साडेसहा टक्क्यांनी ३,२५० येतात. दरवर्षीचं सगळं व्याज खर्च होत गेलं, मुद्दल तेवढंच राहिलं, आणि महागाईने ते आतून पोखरलं. शिवाय व्याख्यान पुण्यतिथीलाच करायचं अशी अट, आणि पुण्यतिथी मे महिन्यात, जेव्हा विभागात एकही विद्यार्थी नसतो. अशा ठेवी एकट्या आमच्याकडेच असतील असं मला वाटत नाही. प्रत्येक जुन्या विभागाच्या कपाटात एखाद-दुसरी निघेल, देणाऱ्यांच्या मायेने भरलेली आणि तारखेत अडकून पडलेली.

मी राजारामपुरीत त्यांच्या मुलीला भेटायला गेले. आता त्याही सत्तरीच्या पुढच्या. मला वाटलं होतं, तारखेबद्दल बोलणं अवघड जाईल. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘दादा सुट्टी लागली की आम्हाला पन्हाळ्याला न्यायचे, पण खरं त्यांना गौरी-गणपतीनंतरचं रान आवडायचं. मेमध्ये काय बघणार लोक? तुम्ही सप्टेंबरातच करा.’ त्यांनी तसं पत्र दिलं. मग मी दुसरी गोष्ट काढली: व्याजातला चौथा हिस्सा दरवर्षी मुद्दलात परत टाकायचा, आणि विभागाच्या माजी विद्यार्थ्यांना याच ठेवीत भर घालायची मुभा द्यायची. नाव त्यांच्या वडिलांचंच राहील. त्यावर त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि त्यांनी विचारलं, की मुलांना रानात नेणार ना? नेणार म्हटल्यावर सही केली.

माजी विद्यार्थ्यांनी भर घातलीही. कोणी शाळेत शिक्षक आहे, कोणी वनखात्यात, एक जण जयसिंगपूरकडे रोपवाटिका चालवतो. त्याने पैसे दिले आणि वर दरवर्षी एक गाडी ड्रायव्हरसकट द्यायचं कबूल केलं. ‘मॅडम, मला तुम्ही न्यायचा ते एसटीनं. पाव्हण्यांना आणि पोरांना आता माझी गाडी.’ या ठेवीचं व्याज अनुदानाची वाट बघत नाही. ते ३१ मार्चच्या आत खर्च करायचं बंधन नाही, ते जूनमध्येच हाताशी असतं, आणि त्यामुळे पत्रही जूनमध्येच जातं.

या वर्षीचं पत्र गेलंय. पाहुणे गवतांवर काम करणारे आहेत, पुण्याहून येतील, दोन रात्री राहतील. व्याख्यान एकच, पहिल्या दिवशी सकाळी अकराला. दुपारी तीन-तीन मुलांचे गट, प्रत्येकाला अर्धा तास, आपापली वही घेऊन यायचं. दुसरा पूर्ण दिवस रानात. विषय अजून ठरलेला नाही. मुलांनी पाठवलेले प्रश्न वाचून ते ठरवणार आहेत. प्रश्न मराठीत लिहिले तरी चालतील, असं त्यांनी स्वतःहून कळवलंय, आणि आतापर्यंत माझ्या टेबलावर त्याची बऱ्यापैकी थप्पी जमली आहे.